तुकोजींनी मागितलेलं स्टूल

समई अर्धी घासून झाली होती. वरचा मोर आणि दांडा चिंचेनं लख्ख झाले होते, खालची बैठक अजून काळीच होती. आज सोमवार. मंगळवारी दिवे घासायचे नाहीत हा सासूबाईंचा नेम, म्हणून सकाळी सातलाच न्हाणीत पाट टाकून बसले होते. साडेसातला पाच मिनिटं कमी असताना खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि नेहमीसारखं बरं वाटलं. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ, त्यात घरून निघायचं नाही. त्याआधी गाडी सुरू झाली, चार हात पुढे सरकली, की आमचं प्रस्थान झालं. मग साडेआठला निघालं तरी चालतं. मात्र तोवर इंजिन बंद करायचं नाही. बंद केलं की प्रस्थान मोडलं, असा नियम. नियम कुणी केला? मीच केला.

तेवढ्यात घंटी वाजली. चिंचेच्या हातानंच कडी काढली. दारात तुकोजी. पाच महिन्यांनी. तोच खाकी शर्ट, कपाळावर तसाच अक्षतेच्या गंधाचा बारीक ठिपका, काखेत प्लायवुडची एक फळी.

"वैनी, एक स्टूल हवं होतं. उंच असेल ते."

"या ना आत. कशाला हवंय?"

"खालच्या मामांची खिडकी बंद करायची आहे. पार्किंगकडची. कायमची बंद करा म्हणून सांगिटलं त्यांनी."

"का बरं?"

"श्वासाचं जड झालंय त्यांना. धूर येतो म्हणाले."

कसला धूर, असं विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खाली आमची गाडी चालू होती. गाडीचा आवाज तुकोजींना जसा कळतो तसा मद्रासेत कुणाला कळत नसेल. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या काळ्या बोटांकडे बघत होते. मी फोनवर त्यांना काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत असणार, आणि मला तर शब्दन्‌शब्द आठवत होता.

तुकोजी कोण, ते आज नीट लिहून ठेवते. या वहीत बावीस वर्षांत त्यांचं नाव शेकडो वेळा आलंय, पण 'गाडी तुकोजींकडे दिली' आणि 'गाडी आणली' याच्यापुढे मी कधी गेले नाही.

आमच्यासारखेच तंजावरकडचे. त्यांचे पणजोबा तिथल्या कुठल्याशा पागेत घोड्यांना नाल ठोकायचे. "आमच्या घराण्याला लाथा खायची सवय जुनी," असं तुकोजी म्हणतात. वडील जॉर्ज टाउनात एका व्यापाऱ्याची मोटार चालवायचे. तुकोजी दहावी झाले आणि एका मोठ्या वर्कशॉपात लागले. तिथे अठरा वर्षं ते खड्ड्यात उभे राहिले, म्हणजे जमिनीत खणलेल्या त्या खाचेत, डोक्यावर गाडी आणि तोंडावर तिचा धूर. छत्तिसाव्या वर्षी बाहेर पडून सैदापेटेत पत्र्याची शेड घातली. आता अठ्ठावन्न वर्षांचे आहेत.

कामाची त्यांची एक रीत आहे. आधी बॉनेटला हात लावून तो डोळ्यांना लावतात. मग हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. डॉक्टर नळी लावतात तसं. आणि बदललेला जुना भाग कधीच ठेवून घेत नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून दोन्ही हातांनी गिऱ्हाइकाला परत देतात. "तुमची वस्तू आहे, तुम्ही बघा, मग टाका." आमच्या माळ्यावर अजून अशी तीन पुडकी आहेत. मी त्यावरून चिडवायची, "तुकोजी, तुमच्यामुळे घरात भंगाराचं दुकान झालंय." ते म्हणायचे, "होय की. पण चोरी झाली नाही ना?"

त्यांच्या घरी मुलगी शरण्या इंग्रजीत भांडते, बायको तमिळमध्ये. "मराठीत बोलायला देव उरलाय आणि तुम्ही," ते एकदा मला म्हणाले. "देव उत्तर देत नाही, तुम्ही ऐकत नाही."

आणि एक. तुकोजी गायचे. एकादशीच्या भजनात त्यांनी वरचा सूर धरला की आमच्या सासूबाई, राजसबाई, हातातली वात तशीच ठेवून ऐकत बसायच्या. गेली आठ-नऊ वर्षं आवाज नाही. खोकला येतो, सूर फाटतो. डॉक्टरांनी सांगितलं, खड्ड्यातला धूर छातीत बसलाय. आता ते नुसत्या झांजा वाजवतात, ओठ हलवतात. हे मला माहीत होतं. हे माहीत असूनही मी पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या शेडमध्ये उभी राहून बोलले ते बोलले.

गाडी तेव्हा चढावर दम टाकत होती. पुलावर मागचे हॉर्न वाजवायचे. माझे यजमान (वहीत मी त्यांना 'हे' असंच लिहिते) विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, गाडी चौदा वर्षांची. सोमवारी आम्ही पेरुंगुडीला मुलीकडे, हरिप्रियाकडे जातो, तिची आठवड्याची मीटिंग असते म्हणून नातवाला सांभाळायला. शनिवारी नंगनल्लूरला मारुतीला. बाकी भाजी आणि मठ. एवढीच धाव.

तुकोजींनी गाडी वर उचलली, खालच्या पाइपावरच्या एका डब्याला लाकडी हातोडीनं टिचकी मारली. आत खुळखुळ्यासारखं वाजलं.

"गेला," ते म्हणाले. "कन्व्हर्टर."

मी विचारलं, हे काय असतं. त्यांनी हाताची बोटं बोटांत गुंतवून दाखवली. "आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, वैनी. इंजिनातनं जे विष येतं ते ही जाळी आतल्या आत जाळून टाकते. बाहेर येतं ते बरंच साधं होऊन येतं. पण जाळी नीट तापली तर. तुमची तापते कधी? पहिल्यांदा काजळी धरली. त्यात एक प्लग नीट पेटत नाही, कच्चं पेट्रोल तिच्यात जाऊन पेटलं. फुटली." मग जरा थांबून विचारलं, "गाडी उभ्या उभ्या किती वेळ चालू असते?"

हे प्रामाणिक माणूस. म्हणाले, "सोमवारी तासभर. शनिवारीही तेवढंच. राहुकाळ असतो ना."

तुकोजी हसले. वाईट नाही हसले. पण शेडमध्ये चार गिऱ्हाइकं होती, त्यातलं एक जण मोठ्यानं हसलं, आणि मला ते झोंबलं.

"हा देवाधर्माचा विषय आहे," मी म्हणाले. "नवा केवढ्याला?"

त्यांनी सांगितलं. यांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनइतका आकडा. आणि मला आधीच देवळाच्या रांगेत एका बाईनं सांगितलं होतं, हे काढून टाकता येतं, तिच्या भावानं टाकलंय, गाडी उलट जास्त पळते. मी तेच विचारलं, काढून नुसता पाइप जोडला तर?

"जोडता येतो. अर्ध्या तासाचं काम. गाडी पळेलही."

"मग जोडा की."

"कायद्यात बसत नाही. आणि बसलं असतं तरी माझ्या हातानं नको, वैनी. तरुण असताना पंचवीस-तीस काढलेत मी. आता नको."

"का?"

ते नुसते खोकले. मुद्दाम नाही, त्यांना येतोच खोकला. पण मला तेही नाटक वाटलं. मी म्हणाले, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले, "सरळ सांगा ना तुकोजी, नवा घेतला की तुम्हाला कमिशन सुटतं."

यांनी माझा कोपर ओढला. तुकोजींनी हात फडक्याला पुसले, एकेक बोट पुसलं, आणि किल्ली दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. जुना भाग द्यायचे तशी. "बरं, वैनी," एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही वळणावरच्या एका गॅरेजात गेलो. त्या माणसानं विचारलंही नाही. अर्ध्या तासात डबा कापला, पाइप जोडला. मजुरी नको म्हणाला, जुना डबा मात्र आम्हीच ठेवतो. आत कसलासा मोलाचा धातू असतो म्हणे. मी त्याला पिशवीतला मारुतीचा प्रसाद दिला. आठ दिवसांनी धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेटही त्यानंच आणून दिलं. गाडी कुठे गेली नव्हती, तपासली नव्हती. मी त्या कागदाला कुंकू लावून गाडीच्या खणात मठातल्या स्वामींच्या तसबिरीखाली ठेवला. नवीन कागद आला की कुंकू लावायचं ही सवय. हात आपोआप गेला. तो कागद खोटा आहे हे मला लावतानाही माहीत होतं.

आज मागचं पान काढून बघितलं. त्या तारखेला मी लाल शाईनं लिहिलंय, 'मारुतीरायाची कृपा. त्यानंच मार्ग दाखवला. गाडी पळते.' लाल शाई मी फक्त देवाच्या कामाला वापरते.

महिनाभरानं तुकोजींचा फोन आला होता. राग धरणारा माणूस नाही. "वैनी, गाडीचं काय केलंत? तशीच चालवू नका." मी म्हणाले, "कंपनीत नेली. नवा बसवला." फोनवर त्यांचा सुटकेचा श्वास ऐकू आला. "बेस झालं," म्हणाले. मी फोन ठेवला आणि जपाची माळ घेतली. त्या दिवशी एकशे आठ पूर्ण केले. वहीत त्याची नोंद आहे, फोनची नाही.

तर आज सकाळी तेच तुकोजी दारात उभे. मी स्वयंपाकघरातलं स्टूल काढून दिलं. ते घेऊन ते जिना उतरू लागले. मी हात धुतले नाहीत, तशीच मागोमाग गेले. का गेले ते सांगता येणार नाही. बसवलं नसतं घरात.

नारायणस्वामी मामा तळमजल्यावर मागच्या बाजूला एकटे राहतात. शाळेत गणित शिकवायचे, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्या झोपायच्या खोलीला एकच खिडकी, ती पार्किंगवर उघडते. पलीकडे तगरीचं झाड. मी रोज सहाला तिथं फुलं तोडायला जाते, आणि मामा खिडकीतून म्हणायचे, "माझ्याही देवाला चार ठेवा." गेले चार महिने खिडकी बंद असायची. मी मनात म्हटलं होतं, म्हातारपणी माणसं तिरसट होतात. फुलं ठेवायचंही सोडलं मी.

खोलीत पाऊल टाकलं आणि डोळे चुरचुरले. खिडकी बंद होती, फटीत ओला टॉवेल खुपसलेला, तरी पेट्रोलचा तो कच्चा, गोडसर, घशाला धरणारा वास. पलीकडे, पाच पावलांवर, आमच्या गाडीची मागची बाजू. पाइपाचं तोंड बरोबर खिडकीकडे. आत बसून ऐकलं तर तो आवाज केवढा मोठा वाटतो! मीच सुरू करायला सांगितलेला आवाज.

मामा खाटेवर नव्हते. मागच्या चिंचोळ्या बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि बादली यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर श्वासाचा पंप. मला बघून उठू लागले.

"बसा ना मामा."

"तुम्ही कशाला आलात अम्मा, तुमची निघायची वेळ," ते तमिळमध्ये म्हणाले. "अजून तासभर आहे म्हणा. मी नऊपर्यंत इथेच बसतो. शनिवारी साडेदहापर्यंत. मला आता पंचांग बघावं लागत नाही. तुमची गाडी सुरू झाली की राहुकाळ आला." आणि हसले. खरंच हसले, टोमणा नव्हता. हसता हसता खोकला लागला आणि पंप तोंडाला लावला.

मी म्हणाले, "मामा, मला एका शब्दानं सांगायचं."

"पूजेच्या कामात कसं सांगायचं? तुमचं काहीतरी व्रत असेल असं वाटलं." मग तुकोजींकडे बघून, "म्हणून याला बोलावलं. माझी बारीकसारीक कामं हाच करून देतो. फळी मारली की झालं. मला काय उजेड, ट्यूबलाइट आहे."

तुकोजी तोवर स्टुलावर चढले होते. फळी चौकटीला लावून बघितली, बरोबर बसत होती. मापानं कापून आणलेली. खिशातून चार स्क्रू काढून ओठांत धरले. मग थांबले. फळी धरूनच, माझ्याकडे न बघता, ओठांतले स्क्रू काढून विचारलं, "मारू की परत नेऊ, वैनी?"

एवढंच. 'नवा बसवला म्हणालात' नाही. 'कमिशन' नाही. त्यांनी एक शब्द जरी ऐकवला असता तरी मला बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं.

मी बाहेर आले. हे ड्रायव्हरच्या सीटवर पेपर वाचत बसले होते. काचेवर टकटक केलं.

"बंद करा."

"अगं, आठ वाजायचेत. प्रस्थान मोडेल."

"मोडू दे. बंद करा आधी."

"सौम्या, तूच तर..."

"मीच. मीच म्हणते, बंद करा."

किल्ली फिरली. इतकं शांत झालं की वर कुणाच्या तरी कुकरची शिटी ऐकू आली, आणि मामांचा खोकलाही. तो इतके दिवस याच आवाजाखाली होता.

परत खोलीत गेले. "परत न्या," मी तुकोजींना म्हणाले. त्यांनी फळी खाली उतरवली, टॉवेल काढला, खिडकी उघडली. वास लगेच गेला नाही. मग मी त्यांना सांगू लागले, "तुकोजी, मी त्या दिवशी..."

"वैनी, स्टूल घ्या," ते म्हणाले. "पाय डुगडुगतोय याचा. एक खिळा मारून देऊ?"

मला कळलं. मी चार माणसांदेखत बोलले होते. बंद खोलीत हळूच मागितलेल्या माफीला ते हात लावणार नव्हते. मामा तमिळ, त्यांना आमचं मराठी कळत नाही. माझ्या सोयीचीच जागा होती ती.

जाताना ते दारात थांबले. "तुमच्या सासूबाई प्रस्थान ठेवायच्या, आठवतं? फडक्यात मूठभर तांदूळ, एक सुपारी. राहुकाळाच्या आधी माझ्या शेडमध्ये आणून ठेवायच्या. आमच्या भिंतीला खिळा आहे अजून. निघताना न्यायच्या. त्याला पेट्रोल लागत नव्हतं."

मला आठवत होतं. त्यांची शेड झाल्यावर पहिली काही वर्षं मीच ती पुरचुंडी नेऊन द्यायची. ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एका घरात ठेवायची अशी रीत. मग सासूबाई गेल्या, दोन गल्ल्या चालायचा मला कंटाळा आला, आणि मी गाडीलाच पुरचुंडी केलं. माझ्या कंटाळ्याला मी शास्त्र म्हणत होते.

हरिप्रियाला फोन केला, आज बसनं येतो, उशीर होईल. ती वैतागली. "अम्मा, माझी नऊची मीटिंग आहे! गाडीला काय झालं आता?" मी म्हणाले, "गाडीला नाही, मला झालंय." ती घाबरली, मग यांनी फोन घेतला. बसमध्ये उभ्यानं गेलो. राहुकाळातच निघालो. वाटेत मी तीनदा स्तोत्र म्हटलं. भीती वाटत होती ते खोटं लिहिणार नाही.

संध्याकाळी परत आल्यावर गाडीच्या खणातून ते सर्टिफिकेट काढलं. कुंकू लागलेला कागद फाडवेना, म्हणून घडी करून पर्समध्ये ठेवला. तुकोजींना दाखवीन. तुळशीपाशी दिवा लावला, पण मोठी समई लावली नाही. ती तशीच न्हाणीत आहे, वर पिवळी, खाली काळी. बुधवारशिवाय आता हात लावता येणार नाही. येता-जाता दिसते.

हे म्हणाले, पेन्शन जमा झाली की बसवू, घाई काय, गाडी तोवर उभी राहू दे. मी म्हटलं, बसवायचं तेव्हा बसवू, सांगायचं उद्याच. सकाळी दहाला शेड भरलेली असते. त्यांची माणसं असतात, गिऱ्हाइकं असतात, हसणाराही एखादा असेलच. तमिळमध्ये बोलेन, म्हणजे सगळ्यांना कळेल. माफी मागताना काय बोलायचं ते वहीत लिहून बघितलं, चार ओळी झाल्या, त्यातल्या दोन स्वतःची बाजू मांडणाऱ्या होत्या, त्या खोडल्या.

पहाटे तगरीची फुलं तोडताना चार मामांच्या खिडकीत ठेवायची. मग दहा वाजता, चालत, सैदापेटेला तुकोजींच्या शेडमध्ये जायचं, आणि नवा कन्व्हर्टर मागवायला सांगायचा.